गाव्होतची सम

एश्बॉर्न, १९ जानेवारी २०२५

प्रिय प्रताप,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणजे जसं होतं तसंच आहे. तुझ्या वहिनीला अचानक पत्रलेखनाची हौस आलेली नाही. तुझा फोन आला की तुझे दादा दोन वाक्यांत "बरं, ठेवतो" म्हणतात आणि खरंच ठेवतात. व्हिडिओवर यायला तयार नाहीत, तोंड वाकडं दिसतं म्हणून. ते तोंड डॉक्टरांना सरळ दिसतं, मला सरळ दिसतं, फक्त यांनाच वाकडं दिसतं. आणि मी तुझ्याशी बोलायला लागले तर या एवढ्याशा घरात शब्दन् शब्द ऐकू जातो, मग "माझ्या माघारी काय चाललंय" म्हणून दोन दिवस रुसवा. फोन कट करता येतो, पत्र कट करता येत नाही, म्हणून हा उद्योग.

ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला, त्यातून हे वाचले, चालायला लागले, बोलणं स्वच्छ झालं, याबद्दल मी देवाचे आणि इथल्या डॉक्टरांचे रोज आभार मानते. उजवा हात मात्र मनगटापुढे मागेच राहिलाय. नेटाने व्यायाम केला तर बराचसा परत येईल, म्हणतात. पण नेट आणायचा कुठून? पहिल्या रेहामधून, त्या व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यातून, हे अर्ध्यातच घरी निघून आले. व्यायामाचा रबरी चेंडू सोफ्याखाली गेलाय, तो काढायला कुणी वाकत नाही. तबला-डग्गा तर "डोळ्यांसमोर नको" म्हणून आमच्या अन्वीला खाली तळघरात ठेवून यायला लावला.

आता विमावाल्यांनी जूनमध्ये पुन्हा तीन आठवड्यांची रेहा मंजूर केली आहे. मेअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. हे म्हणाले, "नको." का, म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड. हातासाठी हेच महिने महत्त्वाचे, नंतर उपयोग कमी, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले आहेत. मला भीती वाटते रे. हात राहिला तर राहिला, पण माणूसच असा बसून राहिला तर?

तू लिहीत जा. उपदेश मात्र नको, तो सगळ्यांचा करून झालाय. तुझं तिकडचं काहीबाही लिही.

तुझी
ऊर्मिलावहिनी


न्युरेम्बर्ग, २ फेब्रुवारी २०२५

वहिनी, साष्टांग नमस्कार.

काहीबाही लिही म्हणालात, ते माझ्याकडे भरपूर आहे. आमच्या वस्तीतल्या हौशी वाद्यवृंदात मी टिंपनी वाजवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तांब्याच्या हंड्यांवर कातडं ताणावं तसे ते दोन नगारे. मेमध्ये आमचा कार्यक्रम आहे आणि त्यात एका फ्रेंच माणसाची चार तुकड्यांची रचना घेतली आहे. माणूस शंभरएक वर्षांपूर्वीचा, पण त्याला ओढ त्याच्याही आधीच्या शतकातल्या दरबारी करमणुकींची. राजाच्या बागेत सरदार आणि त्यांच्या बायका मुखवटे लावायच्या, धनगर-धनगरणींची सोंगं घ्यायच्या, नाचायच्या, रुसायच्या. धनगर, पण रेशमी कपड्यांतले! आपल्या साताऱ्याकडचा एखादा धनगर ते बघून मेंढरं सोडून हसत बसला असता. पण संगीत मात्र असं आहे वहिनी, की हसता हसता मध्येच गप्प व्हायला होतं. आधी ओव्हर्चर म्हणजे नांदी, मग मिन्युएट आणि गाव्होत हे दोन नाच, शेवटी पास्टोराल, म्हणजे धनगरी.

यातल्या गाव्होतने माझी अब्रू घेतली आहे. मी बराच वेळ गप्प उभा असतो, मापं मोजत. मग माझा एक ठोका. तो दर गुरुवारी तालमीत दोन मात्रा आधी पडतो. कारणही मला माहीत आहे. ती चाल सुरूच होते अर्ध्या मापापासून. कागदावर स्पष्ट दिसतं, पण कान ऐकत नाही. पहिला सूर आला की मन म्हणतं, ही सम! आणि तिथून मोजत सुटतं. परवा पुढच्या रांगेतल्या चेलोवाल्या आजोबांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नात चुकून दुसऱ्याच्या पंगतीला बसलेल्या माणसाकडे बघतात. आमच्या कंडक्टर फ्राउ लिंडनर फार सभ्य आहेत, नुसतं "नोख माल, बिट्टे", पुन्हा एकदा, एवढंच म्हणतात. पण किती वेळा पुन्हा म्हणणार?

हे दादाला सांगू नका हं. ज्याने मला लहानपणी मांडीवर ठेके धरून शिकवलं, त्याला कळलं की मला सम सापडत नाही, तर काय वाटेल!

वैभवीचा नमस्कार. मी जेवणाच्या टेबलावर मोजत बसतो म्हणून ती वैतागली आहे.

आपला
प्रताप


एश्बॉर्न, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रताप,

सांगू नका म्हणालास, म्हणून मी मोठ्याने वाचलं.

मटार सोलत होते. हे पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी आपली स्वतःशीच वाचतेय असं दाखवत धनगरापासून पंगतीपर्यंत सगळं वाचलं. "मन म्हणतं, ही सम" इथे आले आणि मागून आवाज आला, "गाढव आहे!"

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गप्प झाले असते.

मग जे सुरू झाले! तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिते: "तीनतालातली बंदिश कुठून उठते? किती तरी बंदिशी नवव्या मात्रेपासून, खालीपासून. गाणारा मुखडा उचलतो, तेव्हा तबलजी त्याच्या पहिल्या अक्षराला सम समजतो का? वाट बघतो. मुखडा समेकडे चाललेला असतो, समेपासून नाही. हे फ्रेंच प्रकरण तसंच आहे. सुरुवातीचा तो अर्धा तुकडा म्हणजे मुखडा. सम पुढे आहे. तिथून मोज म्हणावं त्याला!" आणि डावा हात टेबलावर असा आपटला की मटार उडाले.

आतून अन्वी आली. "पापा, वास इस्ट खाली?" या पोरीला मी वर्षभर मराठी शाळेत ढकलतेय, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. यांनी तिला समोर बसवलं आणि मराठीतच सांगितलं, की तालात जिथे टाळी द्यायची नसते, हात नुसता उघडून बाजूला न्यायचा असतो, ती जागा म्हणजे खाली. तिथे ताल थांबत नाही, फक्त आवाज थांबतो. तिला कळलं की नाही देव जाणे, पण ती उठली नाही.

प्रताप, ऑक्टोबरपासून हे माणूस माझ्याशी "हो", "नको" आणि "बरं" एवढंच बोललंय. त्या दिवशी जेवेपर्यंत बोलत होते. तुझ्या चुकीचे मी कसे आभार मानू? अजून चुका असतील तर लाजू नकोस.

वहिनी


न्युरेम्बर्ग, १ मार्च २०२५

वहिनी, नमस्कार.

दादाला सांगा, गाव्होतचं थोडं थोडं जमतंय. थोडंच. पण आता मिन्युएटने घात केला आहे. ती तीन-तीन मात्रांनी चालते. तीन मात्रांत सम कुठे आणि बाकीचं कुठे? मला तर सगळं सारखंच ऐकू येतं. माझ्या डोक्यात दगड भरलेत, असं तुम्ही माझ्या लग्नात म्हणाला होतात, ते खरं होतं.

आणि पास्टोरालमध्ये आणखी एक संकट आहे. शेवटाकडे नगारा हलकेच घुमवत ठेवायचा असतो, लांबून ढग बोलावेत तसा. माझा आवाज येतो टपरीवरच्या डब्यासारखा. डग्ग्यावर दादा जो घुमारा काढायचा, त्याचं गमक काय? मनगट दाबायचं की सरकवायचं? किती? हे तोंडाने सांगून कळणारं नाही खरं, पण तरी विचारा.

बाकी इथे ठीक. कंपनीत नव्या गिअरबॉक्सच्या चाचण्या चालू आहेत, त्यात मात्र माझं काही चुकत नाही.

आपला
प्रताप


एश्बॉर्न, २३ मार्च २०२५

प्रिय प्रताप,

डग्गा वर आला आहे.

तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे बोलून कसं सांगणार? अन्वी, जा, डग्गा घेऊन ये. फक्त डग्गा." ती धावत गेली. यांनी डाव्या हाताने गवसणी काढली, कातड्यावर तळवा फिरवला आणि मनगट सरकवून एक घुमारा काढला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई दुपारच्या झोपेबद्दल फार कडक आहेत, त्याही काही बोलल्या नाहीत.

म्हणाले, लिही: मनगट दाबायचं नाही, वजन द्यायचं. दाबलं की आवाज गुदमरतो. नगाऱ्यालाही तेच लागू असणार.

मग मिन्युएट. "दादरा वाजवून मोठा झाला आणि तीन मात्रा कळत नाहीत!" असं ओरडत अन्वीला दादरा दाखवायला लागले. धा धी ना, धा ती ना. पण 'ना' उजव्याचं. ते काही वाजेना. अन्वी म्हणाली, "पापा, दा फेल्ट वास." काहीतरी राहतंय. हे थांबले. मला वाटलं, झालं, आता उठून जाणार. पण यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि डग्ग्याशेजारी टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, "हो. याचं काम राहतंय."

तो हात काही वाजला नाही. पण तिथेच राहिला, जेवणाची ताटं मांडेपर्यंत. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

तेवढ्यावर मी आगाऊपणाने रेहाचा विषय काढला. "नको." ते अजून नकोच आहे. दिवस मात्र चाललेत.

आणि तुझी मला खरोखर काळजी वाटायला लागली आहे. कॉलेजात तू इतका मठ्ठ नव्हतास. ऑफिसात ताण आहे का? झोप नीट होते ना? आणि त्या बाई तुला काढून तर टाकणार नाहीत?

वहिनी


न्युरेम्बर्ग, १२ एप्रिल २०२५

वहिनी, नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, परिस्थिती गंभीर आहे. गुरुवारी फ्राउ लिंडनर म्हणाल्या, आता एकदा जरी चुकलं तर टिंपनी दुसऱ्याला देऊ. हेही दादाला सांगा. रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय, अन्वीला लावायला सांगा. माझं कुठे कुठे चुकतं ते दादाने ऐकून कळवावं. तालमीत माझ्या शेजारी बसून माझं कुणी ऐकणारं नाही, ही खरी अडचण आहे.

दादा इथे असता तर, असं रोज वाटतं. एवढं एक वाक्य या पत्रात अगदी खरं आहे.

आपला
प्रताप


एश्बॉर्न, २७ एप्रिल २०२५

प्रताप,

प्रिय वगैरे आज नाही.

तुझं पत्र वाचून मी घाबरले. यांना सांगितलं तर हेही. अगदी "पोराचं नाक कापलं जाईल तिथे" इथपर्यंत गेले. मग मी विचार केला, घरच्या वडीलधाऱ्या बाईने बोलल्याशिवाय असल्या गोष्टी मिटत नाहीत. तुमच्या वाद्यवृंदाच्या वेबसाइटवरून पत्ता काढला आणि फ्राउ लिंडनरना मेल लिहिली. अन्वीकडून जर्मन तपासून घेतलं. लिहिलं की, माझा दीर हाताचा वाईट नाही, जरा सावकाश शिकणारा आहे. घरात आजारपण आहे म्हणून त्याचं लक्ष लागत नसेल. तरी मोठं मन करून त्याला सांभाळून घ्या.

त्यांचं उत्तर आलं. सभ्य बाई आहेत खरंच. मराठीत सांगते, लाज तुझी तू बाळग:

"प्रिय फ्राउ रेठरेकर, तुमची काळजी मी समजू शकते, पण कारण समजले नाही. श्री. रेठरेकर फेब्रुवारीच्या मध्यापासून एकदाही चुकलेले नाहीत. सध्या ते आमचे सर्वांत भरवशाचे वादक आहेत. गाव्होतची सुरुवात कशी ऐकायची हे त्यांनी आपल्या मोठ्या भावाची पद्धत सांगून सर्वांना समजावले, आता आमचे चेलोही तसेच मोजतात. त्या भावाला माझे आभार कळवावेत."

मी ती मेल तीनदा वाचली. पहिल्यांदा इतका राग आला की तुला फोन करून कान उपटावेत. दोन महिने मला मूर्ख बनवलंस! तुझ्यासाठी मी देवापुढे दिवा लावत होते. दुसऱ्यांदा वाचताना डग्गा आठवला. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं नीट दिसेनात.

यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. हे रेकॉर्डिंग लावून तुझ्या चुका शोधतात, सापडत नाहीत, मग म्हणतात, "यंत्रच नीट नाही." परवा स्वतःहून म्हणाले, "कार्यक्रमाला जाऊ. समोर बसून बघतो त्याच्याकडे, म्हणजे घाबरून तरी नीट वाजवील." ज्या माणसाला खालच्या बेकरीपर्यंत यायला लाज वाटत होती, तो न्युरेम्बर्गला येतो म्हणतोय. रेहाचं विचारलं, तर या वेळी "नको" नाही म्हणाले. म्हणाले, "आधी त्याचं होऊ दे."

आता मला एवढंच सांग, आधीच का नाही सांगितलंस?

तुझी (अजून रागावलेली)
वहिनी


न्युरेम्बर्ग, ४ मे २०२५

वहिनी,

कान धरतो. फ्राउ लिंडनरनी मला तुमची मेल दाखवली. "सावकाश शिकणारा" हे आता इथे माझं नाव पडलं आहे. चेलोवाले आजोबा परवा चॉकलेट घेऊन आले, घरच्या आजारपणासाठी.

का नाही सांगितलं? गाव्होतची चूक खरी होती, शपथेवर. तुमचं उत्तर आलं आणि त्याच गुरुवारी ती सुटली. पण त्या पत्रातलं "गाढव आहे!" मी कॅन्टीनमध्ये वाचलं, आणि वहिनी, शिवी वाचून एवढं सुख कधी झालं नव्हतं. तेव्हाच कळलं की दादाला सहानुभूती नकोय, काम हवंय. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काम नव्हतं, म्हणून मठ्ठपणा दिला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाचताना हसला असतात, आणि दादाला तुमचा चेहरा पाठमोरा बसूनही वाचता येतो. तुमची काळजी खरी होती म्हणून त्याचा राग खरा होता. तुम्हाला त्यासाठी त्रास दिला, त्याची क्षमा मागतो.

त्या दरबारातले लोक धनगराचं सोंग घेत ते चार घटका मन रमवायला. मी तेवढंच केलं, रेशीम नव्हतं इतकंच. दादाने माझ्यासाठी काय केलं ते तुम्ही पाहिलं आहे. बाबा गेल्यावर माझं इंजिनिअरिंग अर्धवट राहणार होतं, तेव्हा तुमचं नवीन लग्न झालेलं, तरी दोघांनी माझा भार उचलला. इथे आलो तेव्हा पहिला हिवाळा तुमच्या सोफ्यावर काढला. त्याचे आभार मानायला गेलं की दादा विषय बदलतो. या वेळी मी त्याला न सांगता मानून घेतले.

कार्यक्रम २५ तारखेला, रविवारी दुपारी चारला, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये. स्टेशनवर न्यायला मी येईन. तोवर मी मठ्ठ आहे, एवढं लक्षात ठेवा.

आपला
प्रताप


बाड नाउहाइम, १५ जून २०२५

प्रताप,

अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, कारण ते डाव्या हाताचं आहे. एक पान लिहायला सकाळ गेली. सावकाश वाच.

इथे रेहाला येऊन आठवडा झाला. तुझ्या वहिनीला वाटतं, कार्यक्रम ऐकून मला अचानक उत्साह आला आणि दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला. तसं समजू दे. तुला खरं सांगतो.

तू खोटं बोलतोयस हे मला मार्चपासून माहीत होतं. तीन मात्रांत सम कुठे, असं जो मुलगा आठव्या वर्षी माझ्याबरोबर दादरा वाजवत होता तो विचारत नाही. डग्ग्याचं विचारलंस तेव्हा तर हसूच आलं. मला तो वर आणायला लावायचा होता, दुसरं काय. रेकॉर्डिंगमध्ये एकही चूक नव्हती. मी ऊर्मिलाला यंत्र बिघडलंय म्हणालो.

मग गप्प का राहिलो? सहा महिने लोक मला विचारत होते, कसं वाटतंय, दुखतंय का, गोळी घेतली का. चांगली माणसं आहेत, त्यांचं काही चुकलं नाही. पण मला जे येतं त्यातलं कुणी काही विचारत नव्हतं. मला वाटायला लागलं, ते सगळं हाताबरोबरच गेलं. तू विचारलंस. खोटं का होईना, विचारलंस. आणि उत्तर माझ्याकडे होतं. पुढच्या पत्राची मी पत्रपेटीवर नजर ठेवून वाट बघायचो. प्रश्न संपू नयेत म्हणून चूक पकडली नाही.

कार्यक्रमाचं सांगायचं राहिलं. गाव्होत सुरू झालं आणि तू हात खाली सोडून उभा होतास, शांत. मुखडा तुझ्यावरून जाऊ दिलास. आणि ठोका पडला तो जिथे पडायला हवा तिथेच. माझ्या तोंडून "वा!" निघालं. पुढच्या रांगेतले सगळे जर्मन वळले. अन्वीने माझा हात दाबला, मला वाटलं गप्प करायला. नंतर म्हणाली, "पापा, मीपण म्हणणार होते." हे तिने मराठीत सांगितलं.

तुझे आभार मानतो. विषय बदलत नाही.

आता इथलं. हातावर काम करून घेणारी बाई म्हणाली, बोटं सुटी सुटी चालायला फार वेळ लागेल, सगळी कदाचित येणारही नाहीत. तबल्याचं काय ते मी समजलो. एक दिवस जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तिने मूठ मिटायला लावली. मिटते. आवळून नाही, पण मिटते. म्हणाली, एवढ्या मुठीत एखादी वस्तू धरता येईल.

तर आता माझा प्रश्न. आयुष्यभर मी बोटांनी वाजवलं, नगाऱ्याची काठी कधी हातात धरली नाही. मला ते येत नाही, तुला येतं. काठी मुठीत कुठे धरायची? अंगठा वर की बाजूला? ठोका पडल्यावर हात आपोआप परत येतो की आणावा लागतो? सगळं नीट समजावून लिही, विद्यार्थी सावकाश शिकणारा आहे.

मी खरंच विचारतोय.

दादा